इंजिनाला पाजलेली बाटली

गल्फहून आलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, असा आमच्या घरात नियम आहे. तो कोणी केला ते मला माहीत नाही, पण मोडताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. धाकटा भाऊ सुट्टीवर आला की बॅग उघडते आणि त्यातून जे निघेल ते चांगलंच असतं. एका वर्षी वाघाचं चित्र असलेली जाडजूड ब्लँकेटं निघाली. तीही मे महिन्यात, बोर्ली पंचतनात, जिथे अंगावर ओढणी नकोशी होते. अब्बांनी भावाची सुट्टी संपेपर्यंत तो वाघ पायांवर घेतला आणि घामाने निथळत "काय ऊब हाय!" म्हणत राहिले. पुढच्या वर्षी अत्तर निघालं. ते लावून मी शाळेत गेले तर पहिल्या बाकावरची मुलं ओळीने शिंकायला लागली. घरी येऊन भावाला सांगितलं, सगळ्यांनी विचारलं, कुठलं लावलंय म्हणून. विचारलं होतं हे खरंच होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत निघाली ती बाटली. काळी, चपटी, सोनेरी झाकणाची, वर उधळलेल्या घोड्याचं चित्र.

"अब्बा, ही तुमच्या मोटारसायकलसाठी," भाऊ म्हणाला. "इंजिनाच्या तेलात घालायची. इंजिन नव्यासारखं होतं. तिकडं सगळे घालतात."

अब्बा बाटलीकडे बघतच राहिले. का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अब्बांचं बोर्लीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. अम्मी गेली, मग काही वर्षांनी दुकानही बंद केलं. राहिलं काय, तर मी आणि मोटारसायकल. माझं लग्न झालं होतं, ते मोडलं, आणि त्याविषयी मी कुणाशी बोलत नाही. मी गावातल्या शाळेत शिकवते, माझी स्कूटर आहे, मला कुणी सांभाळायची गरज नाही. मोटारसायकलला मात्र आहे, असं अब्बांचं मत. दर रविवारी सकाळी ते तिला फडक्याने पुसतात, किक मारतात आणि खिंड ओलांडून पार हरिहरेश्वरला जातात. तिथे त्यांचा दोस्त आहे. दोस्त एसटीत ड्रायव्हर होता, बोर्लीची मुक्कामाची गाडी त्याच्याकडे असायची, आणि मुक्कामाचा वेळ तो आमच्या दुकानात घालवायचा. आता तो यात्रेकरूंना खोल्या देतो. आम्ही त्याला काका म्हणतो. दोघं भेटून काय करतात? चहा पितात आणि भांडतात. इतक्या लांब जाऊन भांडायला माणूस मिळतो याचंच अब्बांना सुख आहे.

भावाला हे पसंत नव्हतं. अब्बांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यात एकदा मासळीबाजारासमोर उभ्या गाडीवरून ते पडले. गाडी चालू नव्हती, मासळीच्या पाण्यावर त्यांची चप्पल सरकली, बस. पण गल्फला बातमी पोचेपर्यंत त्या पडण्याचा अपघात झाला होता. मग फोनवर रोज तेच. गाडी विका, रिक्षाने जा, काकांनाच घरी बोलवा. शेवटी वैतागून अब्बांनी फोनवरच शब्द दिला.

"ज्या दिवशी ही गाडी मना घेऊन खिंड चढनार न्हाय, त्या दिवशी चावी तुझ्या हातात. त्याच्या आदी हा विषय न्हाय."

अब्बा शब्द देतात तेव्हा देतात. दुकानात त्यांनी कधी कापड आखूड मापलं नाही. म्हणून भाऊही गप्प झाला आणि दोघांमध्ये त्या गाडीचं नाव निघेनासं झालं. आणि आता तोच भाऊ त्याच गाडीसाठी आपणहून काहीतरी घेऊन आला होता. अब्बांनी बाटली दोन्ही हातांत धरली होती आणि त्यांचे डोळे ओले झाले होते, हे मी स्वतः पाहिलं.

"काय लिवलंय ते बघू तरी," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला.

बाटलीवर सगळं अरबीत होतं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अब्बांना अरबी वाचता येतं, लहानपणी मदरशात पक्कं करून घेतलेलं. समजत मात्र नाही. भावाला इतकी वर्षं तिकडे राहून बोललेलं थोडंफार समजतं, म्हणजे आण, ने, लवकर आणि संपलं इतपत. वाचता मात्र येत नाही. तेव्हा असं ठरलं की अब्बांनी वाचावं आणि भावाने समजून घ्यावं.

अब्बा ताठ बसले, घसा साफ केला आणि वाचायला लागले. त्यांचा आवाज सुरेख आहे. प्रत्येक अक्षर जिथून निघायला हवं तिथून निघत होतं, जिथे लांबवायचं तिथे लांबत होतं. इंजिनाच्या तेलाविषयी चाललंय हे ठाऊक असूनही माझी ओढणी आपोआप डोक्यावर गेली. भावाने मांडी घातली. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण हातातला टॉवेल धरून तशीच उभी राहिली.

"ला आला," भाऊ मध्येच म्हणाला. "ला म्हणजे नाही."

"कशाला न्हाय?" अब्बांनी विचारलं.

"ते कळलं नाय. पुढं वाचा."

पुढे आणखी एकदा ला आला. भावाने मान हलवली. पण कशाला नाही, ते त्याला तेव्हाही कळलं नाही. शेवटची ओळ अब्बांनी इतकी हळुवार म्हटली की शेजारीण "आमीन" म्हणाली आणि टॉवेल दोरीवर टाकून आत गेली.

मी फोन पुढे केला. फोटो काढला की फोन भाषांतर करून देतो, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. भावाने माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत ठेवून दिला. अब्बांनी एवढं वाचल्यावर फोनला विचारायचं म्हणजे अब्बांना अडाणी म्हणायचं. माझं मत तरीही मी दिलंच. ज्या बाटलीवर घोडा उधळलाय ती चाळणीवरून पळणाऱ्या, म्हाताऱ्या गाडीत ओतू नये, असं मी म्हटलं. चाळणी म्हणजे आमचा रस्ता.

"आपाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," भाऊ म्हणाला. आपा म्हणजे मी, थोरली बहीण.

काकांना फोन लावला. काका गरजले, "तेलात तेल सोडून काय घालायचं न्हाय!" पण काकांचं काय सांगावं? त्यांनी चहात आलं घालायलाही आयुष्यभर विरोध केला आहे. मग गॅरेजवाल्याला विचारलं. तो बोर्लीतला सगळ्यात सुखी माणूस आहे, कारण तो समोरच्याशी कधी वाद घालत नाही. भाऊ म्हणाला, घालूया ना? तो म्हणाला, "घाला, बरं असतंय." मी म्हटलं, नकोच ना? तो म्हणाला, "नका घालू, त्येच बरं."

शेवटी अंगणात बिस्मिल्ला म्हणून भावाने झाकण उघडलं. बाटली तिकडच्या वाळवंटात धावणाऱ्या भल्यामोठ्या गाड्यांसाठी असावी, कारण ती संपता संपेना. मी म्हटलं, अर्धी पुरे.

"आणलीय ती अर्धी कशाला?" भाऊ म्हणाला आणि शेवटचा थेंब झटकून घेतला.

खोटं कशाला बोलू, इंजिन गोड चालायला लागलं. पूर्वी त्याचा आवाज खलबत्त्यासारखा यायचा, आता नुसती गुणगुण. अब्बांनी बाजारात दोन फेऱ्या मारल्या आणि दिसेल त्याला सांगितलं, पोराने आणलंय. इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं, चला, आपण चुकलो. चुकल्याचा मला आनंद झाला असा तो बहुधा एकच प्रसंग.

रविवारी तिघं निघालो. अब्बांच्या मागे भाऊ, आणि काकांसाठी आणलेल्या खजुराची पेटी घेऊन मागून मी स्कूटरवर. सपाटीला सगळं ठीक होतं. खिंडीचा चढ लागला आणि पहिल्या वळणावर मोटारसायकल ओरडायला लागली. म्हणजे इंजिन जोरजोरात फिरत होतं आणि गाडी मात्र निवांत, बाजारात भाव विचारत फिरल्यासारखी. अब्बांनी मूठ आणखी पिळली. आवाज वाढला, वेग कमी झाला. मागून माणसांनी भरलेली मिनिडोर रिक्षा आली, जी स्वतः कुणालाच कधी मागे टाकत नाही. तिने आम्हाला मागे टाकलं. आतल्या बायकांनी माना वळवून, दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

भाऊ उतरला. गाडी थोडी पुढे गेली, पुन्हा बोंबलली. भावाने मागून ढकललं. तोही बोंबलला. दुसऱ्या वळणावर गाडी जी थांबली ती थांबली.

अब्बा खाली उतरले. त्यांनी एक हात क्लचवर ठेवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग त्यांनी हळूच भावाकडे बघितलं. भाऊ घामाघूम होऊन कमरेवर हात ठेवून उभा होता. अब्बांनी चावी फिरवली, काढली आणि भावाच्या हातात ठेवली.

"शब्द दिला होता," ते म्हणाले. "आता माझ्यानं न्हाय होत."

भावाला हेच हवं होतं ना? पण चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्याच थोबाडीत मारली. तो चावीकडे बघत राहिला. मला त्या दोघांचा, त्या खिंडीचा आणि खजुराचाही भयंकर राग आला होता.

मी काकांना फोन केला. ते शेजाऱ्याचा नारळांचा टेम्पो घेऊन आले. उतरल्याबरोबर त्यांनी गाडी चालू करायला लावली, आवाज ऐकला आणि विजयी मुद्रेने बोट वर केलं.

"शेट! मी सांगितलं होतं का न्हाय? तेलात त्या..."

अब्बांनी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला, कारण काका एका पायावर नाचले.

"वय झालं," अब्बा म्हणाले. "गाडीचं न्हाय, माझं. क्लच सांभाळायची ताकद राहिली न्हाय हातात."

काकांनी अब्बांकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि वर केलेलं बोट हळूहळू खाली घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाद जिंकायचा सोडून गप्प बसले. मोटारसायकल नारळांवर आडवी झाली. भाऊ तिच्याशेजारी नारळांवर बसून बोर्लीपर्यंत आला. नंतर सुट्टी संपली आणि तो गेला, चावी खिशात घेऊन.

अब्बा ओट्यावर बसून राहू लागले. आमचं फाटक तिथून दिसत नाही, पण ऐकू येतं. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत आणि त्या करकरतात. त्या आवाजावरून कोण आलं ते अब्बा ओळखतात. दूधवाला, मी, शेजारीण, प्रत्येकाची करकर वेगळी. भाऊ फाटक पायाने ढकलतो, त्यामुळे त्याची दोन तुकड्यांत येते. मी कितीदा म्हटलं, तेल घालूया. ते घालू देत नाहीत.

रविवार आला. फाटक करकरलं.

"दोस्त," अब्बा म्हणाले.

काका एसटीने आले होते, हातात तेलाचा डबा. मागोमाग गॅरेजवालाही आला. तिघांनी अंगणात गाडीतलं सगळं तेल काढलं, क्लच उघडून आतल्या चकत्या बदलल्या, नवीन तेल भरलं. मग अब्बा स्वयंपाकघरात गेले आणि अम्मीने ठेवलेली दुसरी चावी मोहरीच्या डब्यातून काढून आणली.

मी दारात आडवी उभी राहिले. "अब्बा, शब्द दिला होता तुम्ही."

"चावी देईन म्हटलं होतं. दिली. दुसरीचं बोलनं झालं नव्हतं."

"खिंड चढली नाही गाडी."

"गाडी चढली असती. बाटलीनं चढू दिलं न्हाय." मग त्यांनी मला समजावलं. मोटारसायकलीत इंजिन आणि क्लच एकाच तेलात राहतात. इंजिनाला घसरण लागते, क्लचला पकड लागते. बाटलीने दोघांनाही घसरण दिली. त्यांना हे खिंडीतच, क्लच दाबल्याबरोबर कळलं होतं. बाटलीवरचा तो ला कशाला होता, तेही.

"मग तिथंच का नाही सांगितलंत त्याला?"

अब्बांनी चावीला लागलेली मोहरी शर्टाला पुसली.

"माझ्या गाडीसाठी पोरानं पैल्यांदा काय तरी आनलं होतं, बाय. त्याला काय सांगू, तुझ्या बाटलीनं बिगडवली?"

मी दारातून बाजूला झाले.

पण या चांगुलपणाचा व्हायचा तो घोटाळा झालाच. फोनवर भाऊ विचारी, अब्बा, बाटली तरी बरी होती ना? अब्बा सांगत, फस्क्लास. इंजिन कसं गोड चाललं होतं! झालं. सुट्टीवर आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याने आणखी बाटल्या पाठवल्या. एक खोकंभर. सोबत निरोप, गाडी चालत नसली तरी आत घालून ठेवा, इंजिन गंजणार नाही.

टाकून द्यायच्या नाहीत, हा नियम. नावं ठेवायची नाहीत, हा नियम. मी शिवणयंत्रात घातलं. विहिरीच्या रहाटाला घातलं. खिडक्यांच्या कड्यांना, पंख्याला, अडकित्त्याला घातलं. शेजारणीला दिलं. काकांनी एवढा विरोध करून एक बाटली हळूच पिशवीत टाकली आणि हरिहरेश्वरच्या सगळ्या खोल्यांची दारं मऊ करून घेतली. तरी खोक्यात शिल्लक होतंच. एका दुपारी अब्बा नमाजाला गेले असताना मी उरलेलं फाटकाला घातलं. घोडा उधळला तो इथे. बिजागऱ्या अशा झाल्या की बोट लावलं तरी फाटक उघडावं आणि आवाज म्हणून नाही. अब्बा परत आले, फाटक पुढेमागे केलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतरच्या एका रविवारची सकाळ. अब्बा मोटारसायकलवर बसलेले, किक मारून झालेली, इंजिन खलबत्त्यासारखं वाजतंय. मी दाराला कडी घालतेय. वळून बघते तर अंगणात भाऊ उभा. न कळवता आलेला, हातात तीच मोठी बॅग.

फाटक चकार शब्द बोललं नव्हतं.

अब्बांनी इंजिन बंद केलं. अशा वेळी माणूस निदान खाली तरी उतरतो. अब्बा उतरले नाहीत, दोन्ही हात हँडलवर ठेवून समोर बघत बसले, जणू फोटो काढून घ्यायला बसले आहेत. भाऊ जवळ आला. त्याने कुलपात लावलेली चावी बघितली.

"खिंड चढते?" त्याने विचारलं.

"चढते."

"आणि बाटली?"

अब्बा आरसा नीट करायला लागले. मग मीच म्हटलं, "शेवटची फाटकाला घातली. आवाज आला का तुला?"

तो मागे गेला. फाटक ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. बराच वेळ तेच करत राहिला. त्याला सगळं कळत होतं ते त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. खिंड, नारळ, काकांचं खाली आलेलं बोट. मग तो परत आला.

"मला सांगितलं का नाय, अब्बा?"

"तू आनली होतीस," अब्बा म्हणाले.

भावाने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. तिकडच्या खोलीची चावी, लॉकरची चावी आणि मध्ये आमच्या मोटारसायकलची. तो ती कडीतून काढायला लागला, पण कडी उघडेना. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले की बॅग उन्हात कशाला ठेवलीस.

अब्बांनी त्याची मूठ मिटवली. "राहू दे तुझ्यापाशी. माझ्यापाशी हाय."

मग त्यांनी मानेनेच मागची सीट दाखवली. भाऊ बसला. खिंडीत मी मागून स्कूटरवर होते. दुसऱ्या वळणावर गाडी जराही न कुरकुरता वर गेली आणि भावाने, गल्फमध्ये कामगारांच्या टोळीवर हुकूम चालवणाऱ्या माणसाने, दोन्ही हातांनी अब्बांची कंबर घट्ट धरली होती.

बॅग आम्ही संध्याकाळी उघडली. कपडे, बदाम आणि तळाशी, कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. भावाने ते चटकन कपड्यांखाली सारलं. आम्ही दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं, नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अब्बा फाटकाशी उकिडवे बसले होते. हातात घासलेटचा डबा आणि जुना ब्रश. बिजागऱ्या घासून घासून त्यांनी त्यातलं सगळं तेल काढलं होतं आणि वर डबाभर खारं पाणी ओतलं होतं.

"अब्बा, हे काय? गंजेल ना पुन्हा!"

"गंजू दे," ते म्हणाले आणि ब्रश खाली ठेवून फाटक पायाने ढकलून बघितलं. अजून आवाज येत नव्हता. "पोरगा आला तो मना ऐकायलाच आला न्हाय."